चित्रपत्ते, लाकडी बैल आणि पत्र्याचा डबा

प्रत्येक घरात असा एखादा डबा असतोच की, जो घरातील एकास जिवापलीकडे प्रिय असतो आणि बाकीच्या सर्वांस तो केव्हा एकदा भंगारवाल्याच्या हाती पडतो असे झालेले असते. त्यात काय असते म्हणाल, तर चार काचेच्या गोट्या, आर मोडलेला भोवरा, काडेपेट्यांवरील छाप, क्रिकेटपटूंची चित्रे असलेले काही पत्ते, एखादे परदेशी टपाल-तिकीट आणि चाक निखळलेली पत्र्याची मोटार. दिवाळीच्या साफसफाईत या डब्यावरून मायलेकरांत जो संवाद झडतो, तो सर्व घरी बहुधा एकाच साच्याचा असतो. "हा कचरा कशाला जपून ठेवलास?" असे आईने विचारावे आणि लेकराने काही उत्तर न देता डबा पोटाशी धरावा! आमच्या वार्षिकाचे वाचक या दोन्ही पक्षांत विभागलेले आहेत, हे मी जाणून आहे. म्हणूनच दोघांनाही विचारात घेऊन या छंदाविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. माझा स्वतःचा कल डबा पोटाशी धरणाऱ्याकडे आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

प्रथम चित्रपत्त्यांचा विचार करू. हे पत्ते खेळावयाचे नव्हत, जमवावयाचे होत. त्यांचा जन्म मात्र फारसा गौरवास्पद नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेमध्ये सिगारेटी मऊ कागदाच्या पाकिटांत विकल्या जात. पाकीट खिशात दबून आतील माल मोडू नये म्हणून त्यात जाड कागदाचा एक तुकडा घालीत. १८८० नंतरच्या दशकात ॲलन अँड गिंटर नावाच्या कंपनीने व तिच्याबरोबर इतरांनीही या तुकड्यांवर खेळाडू, पक्षी, निशाणे इत्यादींची रंगीत चित्रे छापण्यास आरंभ केला. चित्रांची एक माला ठरलेली असे. पंचवीस किंवा पन्नास चित्रे मिळून ती पुरी व्हावयाची. कोणत्या पाकिटात कोणते चित्र निघेल हे कोणासच ठाऊक नसे. कागदाच्या त्या तुकड्याने सिगारेट तर वाचलीच, पण गिऱ्हाईकही पक्के बांधून टाकले. इंग्लंडात विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंची माला काढली. पुढे आपले रणजितसिंहजीही अशा पत्त्यांवर झळकले आणि इंग्रज शाळकरी मुले त्यांच्या चित्राच्या बदल्यात दुसऱ्या खेळाडूंची चित्रे देऊ-घेऊ लागली. १९४० साली युद्धामुळे कागदाची टंचाई झाली, तेव्हा इंग्लंडातील ही प्रथा थांबली.

चित्रे लहान मुलांस हवी असत आणि ती तंबाखूच्या पाकिटातून निघत, यातील दोष आमच्यासारख्या मास्तरांच्या डोळ्यांत तत्काळ भरतो. गंमत अशी की, तो एका खेळाडूच्याही डोळ्यांत भरला होता, असे सांगतात. होनस वॅग्नर हा अमेरिकेतील बेसबॉल नामक खेळातील अग्रगण्य पुरुष. १९०९ च्या सुमारास निघालेल्या एका मालेत त्याचे चित्र छापण्यात आले; परंतु त्याने हरकत घेतल्यामुळे ते थोड्याच अवधीत बंद करावे लागले. आपल्या चित्रासाठी पोरांनी तंबाखू विकत घेऊ नये, अशी त्याची इच्छा होती, असे त्याचे कारण बहुधा देण्यात येते. मोबदल्याच्या रकमेवरून बिनसले, असेही म्हणणारे आहेत. कारण काहीही असो. त्या चित्राच्या पन्नास-साठच प्रती आज जगात माहीत आहेत आणि त्यांपैकी एक २०२२ साली ७२,५०,००० डॉलरांना, म्हणजे आपल्या पन्नास कोटींहून अधिक रुपयांना विकली गेली. पत्ता हाताच्या तीन बोटांखाली झाकेल एवढा!

हा आकडा वाचून कित्येक विद्यार्थ्यांचे डोळे चमकले असतील, म्हणून लगेच दुसरी हकीगत सांगतो. टॉप्स या कंपनीने १९५२ साली काढलेल्या बेसबॉलच्या पत्त्यांपैकी बराच माल खपला नाही. वखारीत जागा अडवून बसलेली ती खोकीच्या खोकी १९६० साली पडावात भरून अटलांटिक महासागरात बुडविण्यात आली. हे काम ज्याने केले, त्या कंपनीच्या माणसानेच ते पुढे सांगितले. त्याच मालेतील मिकी मँटल या खेळाडूचा एक पत्ता २०२२ साली १,२६,००,००० डॉलरांना गेला. पत्ता एकच, १९६० साली त्याची किंमत समुद्रात लोटण्याएवढी आणि बासष्ट वर्षांनी एवढी मोठी. मग त्याची खरी किंमत कोणती? किंमत वस्तूच्या अंगी नसते, ती घेणाऱ्याच्या गरजेत असते, आणि गरज वाऱ्यासारखी दिशा बदलते. द्रव्यलाभाच्या आशेने जो संग्रह करू जातो, त्याने संग्रह न करता सरळ व्यापार करावा. आजही बंद पाकिटातून दुर्मिळ चित्र निघेल या आशेने मुले पाकिटामागून पाकिटे विकत घेताना दिसतात. पालकांनी येथे मात्र अवश्य हात धरावा. कारण तो छंद नसून सोडतीचा जुगार आहे.

आता ज्या गृहस्थाविषयी मला मनापासून लिहावयाचे आहे, तो या लिलावांच्या जगातला नव्हे. जेफर्सन बर्डिक हा न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज गावी विजेची उपकरणे बनविणाऱ्या कारखान्यात हाताने काम करणारा साधा कामगार होता. अविवाहित. संधिवाताने त्याचे सांधे हळूहळू आखडत चाललेले. त्याने सिगारेटींचे, मिठाईचे, जाहिरातींचे, नाताळाचे असे सर्व तऱ्हेचे छापील पत्ते जमविले. त्यांची संख्या तीन लाखांहून अधिक झाली. ज्या पत्त्यांकडे विद्वान ढुंकूनही पाहत नसत, त्यांची त्याने सूची तयार केली, प्रत्येक मालेस अक्षर व अंक देऊन नाव ठेविले. वॅग्नरचा तो पत्ता जगभर ज्या सांकेतिक नावाने ओळखला जातो, ते नाव या कामगाराने दिलेले आहे. पुढे त्याने हा सर्व संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयास विनामूल्य देऊ केला आणि तो लावून देण्यासाठी स्वतः तेथे जाऊन बसू लागला. वर्षानुवर्षे आखडलेल्या बोटांनी एकेक पत्ता चिकटवहीत डकवीत त्याने १९६३ च्या जानेवारीत काम संपविले. मार्चमध्ये तो वारला. त्याने पत्ते विकले असते तर काय मिळाले असते, याचा हिशेब करण्यात अर्थ नाही. विकलेले पत्ते शंभर घरी पांगले असते आणि त्यांची सांगड कोणासच लागली नसती, एवढे मात्र खरे.

सूची! माझ्या मते साठवण आणि संग्रह यांतील भेद एवढाच आहे. साठवणारा वस्तू ठेवितो. संग्राहक वस्तूविषयी लिहून ठेवितो. शुभवर्तमानातील त्या स्त्रीचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. तिच्यापाशी दहा नाणी होती व एक हरवले, तेव्हा तिने दिवा लावून सारे घर झाडून काढले. या दाखल्याचा आध्यात्मिक अर्थ उपासनेच्या वेळी सांगितला जातोच; मला येथे एक लहानशी गोष्ट दाखवावयाची आहे. तिने नाणी मोजलेली होती, म्हणूनच एक हरवल्याचे तिला कळले. जिने कधी मोजलीच नाहीत, तिचे हरवले तरी ते हरवले असे होत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गावी सिगारेटींची चित्रे नव्हती. रिकामी पाकिटे होती. ती मुले उकिरड्यावरून गोळा करीत आणि त्यांच्या किमती ठरवून डाव मांडीत. १९८७ साली भारत व पाकिस्तान येथे विश्वचषकाचे सामने झाले, त्या सुमारास बबलगमच्या वेष्टनातून क्रिकेटपटूंची चित्रे मिळू लागली. मी ती पुष्कळ जमविली. त्यांपैकी दोन-तीनच आज माझ्याजवळ आहेत. बाकीच्यांचे काय झाले ते पुढे सांगतो. उरलेल्यांत गोलंदाज चेतन शर्मा यांचे एक आहे. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी त्रिफळाचीत केले. विश्वचषकाच्या इतिहासातील ती पहिलीच त्रयी होय. त्याच दिवशी सुनील गावसकर यांनी एकदिवसीय सामन्यांतील आपले एकमेव शतक काढले. आमच्या खेड्यात तो सामना रेडिओवर ऐकताना पारावर कोणी हलले नाही, एवढे मला आठवते.

पुढे १९९६ साली टपाल खात्याने चार क्रिकेटपटूंची दोन-दोन रुपयांची तिकिटे काढली : प्राध्यापक दि. ब. देवधर, विजय मर्चंट, विनू मंकड आणि कर्नल सी. के. नायडू. मी ती चारही घेतली व चेतन शर्मांच्या चित्राशेजारी ठेविली. नायडू हे आमच्या वऱ्हाडालगतच्या नागपूरचे. तेथील हिस्लॉप यांच्या नावाच्या मिशन-शाळेत ते शिकले आणि १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात कर्णधार झाले. एके रात्री चिठ्ठीवर त्यांची जन्मतारीख लिहीत असता माझा हात थांबला : ३१ ऑक्टोबर १८९५! ज्या गावी, ज्या दिवशी नायडू जन्मले, त्याच गावी, त्याच दिवशी बरोबर ब्याण्णव वर्षांनी चेतन शर्मांची ती तीन षट्कारांहून मोलाची तीन चेंडूंची करामत घडली. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यापासून काहीही सिद्ध होत नाही. तरीही मी शेजारच्या खोलीत झोपलेल्या पत्नीस उठवून तो सांगितला. तिने "बरं" म्हणून कूस बदलली. या छंदाचा आनंद जो काही आहे तो हा, आणि तो विकत मिळत नाही.

पत्त्यांवर चित्रे काढणे ही काही परक्यांचीच कला नव्हे. सावंतवाडीची गंजिफा प्रसिद्ध आहे. लाखेने चकाकणारे वाटोळे पत्ते, दशावताराचे दहा रंग, प्रत्येक रंगाचे बारा, असा एकशेवीस पत्त्यांचा तो डाव. विसाव्या शतकात ही कला अगदी लयास जाऊ लागली असता तेथील राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती एका वृद्ध चिताऱ्याकडून शिकून घेऊन पुन्हा उभी केली. आणखी थोडा विलंब झाला असता तर शिकविणाराच उरला नसता.

असो. छापील पत्ता लाखो घरी एकच असतो. परंतु आपल्या जिल्ह्याचे जे स्वतःचे खेळणे आहे, ते एकासारखे दुसरे कधीच नसते. ते म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल.

श्रावणी अमावास्येस मोठा पोळा व दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, मुलांचा तान्हा पोळा, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगावे लागते. आदल्या दिवशी खऱ्या बैलांची जशी मिरवणूक निघते, तशीच दुसऱ्या दिवशी मुले चाके लाविलेले लाकडी बैल दोरीने ओढीत आणितात. त्यांच्या शिंगांस बेगड, गळ्यात घुंगरांची माळ, पाठीवर आरशांची झूल. तोरणाखाली ओळ लागते; ज्याचा बैल उत्तम सजला त्यास बक्षीस मिळते; मग घरोघर बैल नेऊन बोजारा मागावयाचा. नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असे सांगतात. चाकांचे बैल त्याहून किती जुने आहेत हे पाहावयाचे तर हडप्पा व मोहेंजोदडो येथे निघालेल्या मातीच्या खेळण्यातील गाड्या पाहाव्यात. आपल्याच महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली झाडाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला रथ व तो हाकणारा पुरुष आहे. हत्ती, गेंडा व म्हैसा यांखालीही चाकांची सोय केलेली आहे. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक, तेव्हा ती मुलांची खेळणी नसावीत हे उघड आहे. परंतु जनावरास चाके लावून ओढावे ही कल्पना आपल्या मातीत किती खोल गेलेली आहे, ते यावरून दिसते.

आमच्या घरी असा एक बैल आहे. सागवानी, वीतभर उंच, एक शिंग मूळचे व दुसरे मागाहून बसविलेले. आमचे घराणे ख्रिस्ती. घरी पोळ्याची पूजा नव्हती. माझे वडील लहान असता त्यांनी बैलासाठी हट्ट धरला, तेव्हा मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आजोबांस विचारले की, हे आपल्या घरात शोभेल काय? आजोबा दारव्हा तालुक्यातील एका शेतकऱ्याकडे सालदार होते. जन्मभर दुसऱ्याच्या बैलांची शेणे काढलेला तो माणूस. ते म्हणाले, "ज्याच्या जिवावर आपन जेवलो, त्याले पोराच्या हाती द्याले काहून भ्यावं?" प्रश्न तेथेच मिटला. गावच्या सुताराने, ज्यास आमच्याकडे वाढई म्हणतात, तो बैल घडविला. मोबदला म्हणून आजोबांनी त्याच्या घरी सरपण नेऊन टाकिले, अशी गोष्ट आमच्या घरी चालत आलेली आहे. वडिलांनी तो ओढला, मी ओढला, माझ्या मुलीनेही ओढला. चाके दोनदा बदलली गेली. पोटाखाली पटाशीने काढलेल्या तीन बारीक रेघा आहेत. ती कारागिराची खूण आहे की लाकूड मोजल्याची, हे मला ठाऊक नाही. ज्या वाढयाने तो घडविला त्याचे नावही मला ठाऊक नाही. वडिलांस ते ठाऊक होते. ते हयात होते तोवर चाळीस वेळा विचारता आले असते, आणि मी एकदाही विचारले नाही.

ही चूक माझ्यापुरती असती तर ती मी या पानांवर मांडली नसती. परंतु गेल्या काही वर्षांत माझ्या वर्गातील मुलांस मी विचारीत आलो आहे, आणि बहुतेकांचे उत्तर एकच : बैल आहे, पण तो कोणी केला ते माहीत नाही, किंवा बैल होता, आता नाही. एका विद्यार्थ्याच्या घरी वाटणीच्या वेळी जुना सागवानी बैल जुने फर्निचर घेणाऱ्यास देऊन टाकण्यात आला. पुढे पोळा आला तेव्हा आजीने कोनाड्यात हात घातला आणि मग सर्वांच्या ध्यानात आले. बाजारात नवे बैल मिळतात, आणि त्यांत सुबक असेही असतात. मी त्यांस नावे ठेवीत नाही. परंतु जिल्ह्याच्या गावोगावी बैलाची घडण निराळी होती. कोठे वशिंड उंच, कोठे मान ताठ, कोठे डोळे कोरलेले तर कोठे कवडीचे. हे सारे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

या बाबतीत पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांचे नाव प्रत्येक विद्यार्थ्यास माहीत असावे. जन्म १८९६ चा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारापासून त्यांनी जुन्या घरगुती वस्तू जमविण्यास प्रारंभ केला : दिवे, अडकित्ते, कुलपे, शाईच्या दौती, वाद्ये, भातुकलीची भांडी, बाहुल्या, खेळणी. राजेरजवाड्यांच्या तलवारी पुष्कळांनी जमविल्या. बायकांच्या हातचा अडकित्ता व पोरांच्या हातचे खेळणे जपावे हे त्यांस सुचले. पत्नी कमलाबाई त्यांच्या जोडीस होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा हा सातव्या वर्षी वारला. संग्रहालयास त्यांनी त्याचेच नाव दिले : राजा दिनकर केळकर संग्रहालय. आज त्यात वीस हजारांवर वस्तू आहेत, आणि आयुष्यभराचे हे सारे धन त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. पुण्यास सहल गेली तर शनिवारवाड्यानंतर बाजीराव रस्त्याने तेथे अवश्य जावे. आमचे विद्यार्थी तलवारींपुढे घोटाळतात. मी त्यांस खेळण्यांच्या कपाटाकडे ओढून नेतो. ते खेळणे हाती घेणारे मूल कोण होते, हे तेथे कोणास विचारता येत नाही. तरी कपाटापुढे उभे राहिले असता मनात प्रथम तोच प्रश्न येतो.

आता थोडे व्यवहाराचे. वर म्हटल्याप्रमाणे माझी बबलगमची चित्रे नष्ट झाली, ती माझ्याच हुशारीने. मी ती कणकेच्या खळीने जुन्या वहीत डकविली आणि वही पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा न्हाणीघराच्या भिंतीलगत सरकविला. एका पावसाळ्यात डबा गंजला, वहीस ओल आली आणि खळीच्या वासाने कसर लागली. पर्वतावरील प्रवचनात कसर व जंग यांविषयी जो इशारा आहे, तो मला असा शब्दशः अनुभवास आला. तेव्हा चित्रे वा तिकिटे कधीही डकवू नयेत. पारदर्शक चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. काही वर्षांनी तिचा पिवळा डाग पडतो व तो जात नाही. स्वच्छ कोऱ्या कागदाची पाकिटे करून त्यांत चित्रे सुटी ठेवावीत. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये, तो पिवळा पडतो आणि शेजारच्यासही पिवळे करितो. पेटी भिंतीपासून व जमिनीपासून दूर ठेवावी. आपल्याकडील वाळवीस सागवान सहसा रुचत नाही. परंतु बैलाची चाके व फळी बहुधा हलक्या लाकडाची असतात, ती मात्र ती आवडीने खाते. जुन्या बैलास नवा रंग कदापि देऊ नये. रंगाखाली जुना रंग असतो आणि त्या रंगातच तो कोणत्या घरचा हे लपलेले असते. कोरड्या मऊ फडक्याने पुसावे, एवढे पुरे.

सर्वांत महत्त्वाची ती चिठ्ठी. शिसपेन्सिलीने लिहावी, शाई ओलीने पसरते. तीवर वस्तू काय, कोठे मिळाली, कोणाकडून, कोणत्या साली, कोणी घडविली व तिच्याविषयी घरात काय सांगतात, एवढे असावे. ठाऊक नसेल ती जागा कोरी सोडावी. अंदाजाने भरू नये.

ज्यांच्या घरी जुने खेळणे नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरास जाणारी शकुंतला रेल्वे पुष्कळ पालकांच्या स्मरणात असेल. १९२१ साली मँचेस्टरात बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढीत होते. ती गाडी आता धावत नाही. तिची जाड पुठ्ठ्याची लहानशी तिकिटे कोणाच्या जुन्या पाकिटात, कोणाच्या पोथीत खूण म्हणून, कोणाच्या बायबलाच्या पानांत अजून निघतात. असे एक तिकीट आणि ते कोणत्या प्रवासाचे, कोणाच्या लग्नाचे वा कोणाच्या बाजाराचे, हे सांगणारी चार ओळींची चिठ्ठी, एवढ्यानेही संग्रहास प्रारंभ होतो. मुलींनी बांगड्यांच्या काचा, सागरगोटे व चिंध्यांच्या बाहुल्या क्षुल्लक समजू नयेत. चिंध्यांच्या बाहुलीत आईच्या व आजीच्या लुगड्यांचे तुकडे असतात, आणि ते लुगडे कोठले हे आजीस नक्की आठवते.

पालकांस एकच विनंती आहे. डबा फेकण्यापूर्वी मुलास त्यातील प्रत्येक वस्तूविषयी एक वाक्य लिहावयास सांगावे. ज्या वस्तूविषयी त्यास काहीच लिहिता येणार नाही, ती खुशाल भंगारात जावी. माझा अनुभव असा की, डबा अर्धा रिकामा होतो आणि आईचा राग पुरता.

माझ्या बैलाची चिठ्ठी मी गेल्या पोळ्यास लिहिली. सागवानी, दारव्हा तालुका, आजोबांनी वडिलांसाठी करवून घेतला, मोबदला सरपण. 'घडविणारा' या शब्दापुढील जागा कोरी आहे. आमच्या जुन्या गावी वडिलांबरोबर शाळेत असलेले एक वृद्ध गृहस्थ अद्याप हयात आहेत, असे परवाच कळले. दिवाळीच्या सुट्टीत बैल पिशवीत घालून त्यांच्याकडे जावयाचे ठरविले आहे. त्या तीन रेघा त्यांना दाखवावयाच्या आहेत.